यश कशाने मोजायचं? आणि शिकताना पोरासारखं कुतूहल टिकतं का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी दापोली तालुक्यातली.

मागच्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. तीस वर्षांनी भेटलो. एकेकाने उभं राहून आपण काय करतो ते सांगायचं, असं ठरलं होतं. कोणी दुबईत, कोणाचे ठाण्यात दोन फ्लॅट, कोणाचा मुलगा एमबीबीएसला. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघते. टाळ्या वाजल्या. पण सूत्रसंचालन करणारी मैत्रीण पटकन बोलून गेली, "अगं, तू तर वर्गात पहिली यायचीस ना?" तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनातून मात्र ते वाक्य घरी पोचेपर्यंत गेलं नाही.

त्याच आठवड्यात भावाची मुलगी राहायला आली, वय वर्षं ९. खाडीवर धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ती म्हणाली, "आत्या, काल आपण याच वेळी आलो तेव्हा पाणी या पायरीवर होतं. आज का नाही?" मी बाबांकडून ऐकलेलं सांगून टाकलं, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती." ती म्हणाली, "पण पाऊणपटच का?"

मी गप्प. सत्तेचाळीस वर्षं खाडीकाठी काढली, हे गणित हजार वेळा केलं, पण 'का' हे कधी मनातच आलं नव्हतं.

मग आम्ही वही केली. पायऱ्यांना खडूने नंबर घातले. ओल्या दगडावर खडू उठेना, म्हणून घरात उरलेला तेलरंग आणला. पाणी कुठवर चढलं आणि किती वाजता थबकलं ते रोज लिहायचं. पाणी थबकल्याचा क्षण पकडणं सोपं नाही. आम्ही पाण्यावरच्या एखाद्या सुक्या पानावर नजर ठेवतो. पान आत आत येत असतं, मग मंदावतं, थोडा वेळ जागच्या जागी गिरकी घेतं आणि हळूच समुद्राकडे निघतं. ते निघालं रे निघालं की भाची ओरडते, "लिही!" आणि मी लिहिते.

खरं सांगते, पहिला नंबर आल्यावरही मला असा आनंद झाला नव्हता. तेव्हा प्रश्न असा, की तुम्ही स्वतःचं यश कशाने मोजता? आणि हे जे पोरांना आपसूक जमतं ते मोठेपणी परत येतं का, टिकतं का?

बांगडोफ्राय

ताई, बरोबर सांगलास. आमचो आजो घड्याळ वापरी नाय. भिंतीवरचा कालनिर्णय आणि पाऊणकी, बस्स. अष्टमीक सा, पुनवेक सव्वाअकरा. पुनव झाली की परत एकापासून मोजूचा. माझ्याकडसून पाऊणकी शाळेत घालच्याआधीच पाठ करून घेतल्यान. पण 'कित्याक' म्हणान माका पण कधी इचारूचा सुचला नाय. तुझ्या भाचयेक माझो नमस्कार सांग.

सड्यावरचा

मी राजापूरकडचा. लहानपणी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गुरं राखायला जायचो. कातळावर खोदलेली चित्रं होती, मासे, जनावरं, माणसं, नुसत्या चौकटी. त्यावर बसून आम्ही भाकरी खायचो. मी एकदा विचारलं होतं, ही कोणी काढली? उत्तर आलं, "पांडवांनी." विषय संपला.

पुढे मुंबईत असताना पेपरात वाचलं की ही कातळशिल्पं हजारो वर्षांची आहेत, अभ्यासक गावोगाव फिरून शोधतायत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेली. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात आणखी जनावरं खोदलीत, तो आमच्यापासून लांब नाही. आणि मी त्यातल्या एका माशावर बसून कांदा फोडायचो!

ते उत्तर देणाऱ्या माझ्या चुलत्यावर राग नाही, त्याला तेवढंच ठाऊक होतं. पण तेव्हा तो "मला माहीत नाही रे" म्हणाला असता तर माझा प्रश्न तरी जिवंत राहिला असता. आता माझी मुलं काही विचारतात आणि मला येत नसतं, तेव्हा मी तसंच सांगतो.

गुहागरचा_पुण्यात

सगळं छान आहे, पण जरा दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

माझ्या वडलांनी माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी दोन कलमं गहाण ठेवल्यासारखी कराराने देऊन टाकली होती. पाच वर्षं आमच्याच झाडाचे आंबे दुसरा उतरवून न्यायचा आणि आई पडवीत बसून बघायची. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी ते पैसे फेडले. त्या मे महिन्यात वडलांनी पहिली पेटी भरली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. माझ्या यशाची व्याख्या तिथेच झाली. कुतूहल वगैरे सुचायला आधी डोक्यावरचं कर्ज उतरावं लागतं. दुबईतला, ठाण्यातला तो वर्गमित्रही कोणासाठी तरी गेला असेल. त्याला कमी लेखू नये.

खाडीकाठ

@गुहागरचा_पुण्यात, राग कसला दादा. तुमच्या आईचं पडवीतलं बसणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुबईवाल्याला कमी लेखायचं नव्हतं. मलाच आपण कमी आहोत असं का वाटलं, ते शोधतेय.

गणिताची_वही

निवृत्त शिक्षक, सावंतवाडी. भाचीच्या प्रश्नाला उत्तर देतो, बाकीचं नंतर.

अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो, पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवतो. म्हणजे १५ तिथींत तो १२ तास उशिरा पडला. १२ भागिले १५ म्हणजे ०.८ तास, अर्थात ४८ मिनिटं. भरती चंद्रामागे फिरते, म्हणून तीही रोज साधारण तेवढीच लांबते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. जुन्या माणसांनी ३ मिनिटं सोडून दिली, कारण पाऊणकी प्रत्येकाला पाठ होती आणि होडी लोटायला एवढा ढोबळ अंदाज पुरतो.

आणखी एक. हे गणित आपल्या किनाऱ्यावर बसतं, सगळीकडे नाही. किनाऱ्याचा आकार आणि तळाची खोली यांमुळे प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. खंभातच्या आखातात भावनगरला भरती आपल्यापेक्षा कितीतरी उशिरा पोचते.

आता भाचीला काम. रोजचा फरक ४८ मिनिटंच येतो का, ते वहीत बघून इथे लिहायला सांगा.

आई_वेंगुर्ला

मी इथे लिहू की नको, विचार करत होते. माझ्या मुलाला दहावीला ५८ टक्के पडले. आपला कोकण विभाग राज्यात पहिला येतो, सगळीकडे पेढे वाटले जातात. अशा वेळी ५८ टक्के घेऊन मूल घरात बसलं की आईला दारात उभं राहायला नको वाटतं. निकालाच्या दिवशी नातेवाइकांचे फोन मी उचलले नाहीत.

तो दिवसभर जेटीवर असतो. होडीच्या आउटबोर्ड इंजिनातून थंड करायला घेतलेलं पाणी मागून पिचकारीसारखं बाहेर पडतं ना, ती पिचकारी बारीक झाली की तो लांबून सांगतो, "काका, आत मीठ धरलंय, गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर इंजिन तापेल." लोक ऐकतात त्याचं. कार्बोरेटर उघडला की जेवायची शुद्ध नसते. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत झोप. याला मी कुतूहल म्हणू की उनाडपणा? मला खरंच कळत नाही.

बांगडोफ्राय

वैनी, उनाड पोराक मीठ दिसणा नाय. भिया नको.

स्पॅनर

आई_वेंगुर्ला, मी डिझेल मेकॅनिक आहे, रत्नागिरीत स्वतःचं गॅरेज. दहावीवर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एक वर्षाचा असतो, तो घालाच त्याला. पण एक अनुभवाने सांगतो. नुसता हात चांगला असून एका टप्प्यावर घोडं अडतं. मलाही पुस्तकाचा कंटाळा होता. गॅरेजमध्ये नव्या गाड्या आल्या आणि सेन्सरची भाषा कळेना, तेव्हा पस्तिसाव्या वर्षी बहिणीच्या मुलाकडून ओमचा नियम शिकलो. तो शाळेत नकोसा झालेला धडा होता. या वेळी तो सहज डोक्यात शिरला, कारण प्रश्न माझा होता. गाडी समोर उघडी पडली होती आणि मला ती चालू करायची होती. त्याला पुस्तक त्याच्या इंजिनाच्या बाजूने दाखवा. बाकीचं तो ओढून घेईल.

मुरूडकर

आमच्या मुरूडचं उदाहरण देतो. महर्षी कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, भर पावसात, घाट चढून. वयाची अट १७ वर्षांची होती. अंगाने किरकोळ, म्हणून लहान दिसले आणि बसूच दिलं नाही. तसेच परत. त्या दिवशी गावाने त्यांना काय म्हटलं असेल? पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, आणि १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. तेव्हा ५८ टक्क्यांनी काही ठरत नाही.

गुहागरचा_पुण्यात

@मुरूडकर, अण्णा कर्व्यांबद्दल आदर आहेच. पण अशी उदाहरणं ऐकली की मला शेवटी पुन्हा बक्षीसच दिसतं. आज अपयश, उद्या भारतरत्न. त्यांच्याबरोबर चालत गेलेली मुलंही होतीच की. ज्यांचं नाव कुठेच आलं नाही, त्यांचं आयुष्य फुकट गेलं का? धागाकर्तीचा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

मुरूडकर

मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

रापणकार

मालवण. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो. होडी-जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. म्हातारा माणूस आला, त्याच्याने जोर होत नाही, तरी दोरी धरली तर रिकाम्या हाताने परत जात नाही. पोरांनाही मूठभर मासळी मिळते. मी सहा वर्षांचा असताना मला चार पेडवे मिळाले होते. ते मी पानात गुंडाळून आईला नेऊन दिले. तिने ते वेगळे तळले आणि बापाला सांगितलं, "हे झिलाच्या कमाईचे."

आज माझ्या दोन होड्या आहेत. पण यश म्हटलं की मला ते चार पेडवेच आठवतात.

गणिताची_वही

रापणकार, रापण खेचताना पोरं जाळ्यातलं काय काय बघतात तेही लिहा की. आमच्या शाळेची सहल एकदा रापणीला नेली होती, तेव्हा तासभर कोणी हलेना. केंडमासा फुगतो कसा, यावर मला दोन तास घ्यावे लागले होते आणि मला त्यातलं अर्धंच येत होतं.

रापणकार

सर, केंड अजून फुगतो आणि पोरं अजून टाचेने दाबायला बघतात. आम्ही ओरडतो, पाण्यात सोडा म्हणून.

विजयदुर्गचा_वाटाड्या

यशाचं माहीत नाही, पण अभिमानाची गोष्ट सांगतो. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर साहेबाने इथून दुर्बिणीतून बघून शोध लावला. पर्यटकांना मी हे रोज सांगतो, मुलांचे डोळे मोठे होतात.

भिंगवाला

वाटाड्यादादा, ग्रहणाची तारीख बरोबर आहे. पण लॉकयर त्या ग्रहणाला भारतात आलेच नव्हते. ते इंग्लंडात होते. ग्रहणाच्या वेळी निरीक्षण करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हे आंध्रात गुंटूरला होते. लॉकयरनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश फोडून पाहिला. त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या जोडरेघांजवळ पण त्यांच्यावर न बसणारी. तीच हेलियमची. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडलं, तो रॅम्से यांना एका खनिजात मिळाला. तुमचं मन दुखवायचं नाही, पण मुलांना खरं सांगणं बरं.

विजयदुर्गचा_वाटाड्या

वाचून कालची रात्र झोप आली नाही. तीन वर्षं मी हे सांगतोय. मलाही कोणीतरी सांगितलं, मी पुढे सांगत गेलो. आज सकाळी एक कुटुंब आलं होतं. तोंडावर आलेलं वाक्य गिळलं आणि म्हटलं, "इथे असं सांगतात, पण कालच मला कळलं की लॉकयर इथे नव्हते." त्यांचा मुलगा म्हणाला, "मग सूर्यावर न जाता तिथला वायू ओळखला कसा?" मला येईना. भिंगवाला, हे सोपं करून सांगता का?

भिंगवाला

सांगतो! घरच्या गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून बघा. ज्योत पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपले ठरावीक रंग सोडतं, माणसाच्या आवाजासारखे. आवाजावरून दाराआडचा माणूस ओळखतो ना, तसं. मग जुनी सीडी घ्या, ट्यूबलाइटचा प्रकाश तिच्यावर तिरका पाडा. रंग सुटे झालेले दिसतील. किल्ल्यावर येणाऱ्या मुलांसाठी एक सीडी खिशात ठेवा.

दादा, तुम्ही दुसऱ्याच दिवशी लोकांसमोर ते दुरुस्त केलंत. मी वीस वर्षं शिकवलं, मला हे इतक्या लवकर जमलं नसतं.

विजयदुर्गचा_वाटाड्या

मीठ टाकलं. बायकोने भांडी बाजूला घेतली आणि मग तिनेच तीनदा टाकलं.

पिकलं_पान_७२

मी या धाग्यावर सर्वांत वयाने मोठा असेन. सत्तराव्या वर्षी मोडी शिकायला घेतली. घरात पेटीभर जुने कागद होते, वाळवी लागायच्या बेताला. मोडीत हात न उचलता सलग लिहितात, त्यामुळे पहिले चार महिने ओळ म्हणजे नुसती वाहती रेघ दिसायची. मी 'क' गिरवत बसायचो आणि सूनबाई नातवाला सांगायची, "आजोबांना गृहपाठ आहे, गडबड करू नको."

एका दुपारी त्या रेघेतून अचानक एक शब्द वर आला. 'फणस'. मग पुढचा, 'येक'. ते वाटणीपत्र होतं. विहिरीकडचा फणस एक, धाकट्याकडे. मी तसाच उठून विहिरीकडे गेलो. फणस आहे अजून. पणजोबांच्या धाकट्या भावाचा हिस्सा. त्याच्याखाली मी सत्तर वर्षं वावरलो होतो. झाडाला हात लावून उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मी नोकरीत तीन बढत्या घेतल्या. त्यांची पत्रं कुठे आहेत मला माहीत नाही. गुहागरकर म्हणतात तेही खरं आहे. त्या बढत्यांनीच घर चाललं, आणि पेन्शन आहे म्हणून मला मोडी गिरवायला दुपार मिळते. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडावेत, एवढंच मला वाटतं.

सड्यावरचा

आजोबा, तुमची फणसाची ओळ मुलांना वाचून दाखवली. धाकटी विचारतेय, पणजोबांच्या धाकट्या भावाने फणस खाल्ला का?

पिकलं_पान_७२

तिला सांग, कागदात तेवढं लिहिलेलं नाही. पण कापा आहे, खाल्ल्याशिवाय राहिला नसेल.

बांगडोफ्राय

वायच वेगळा इचारतंय. पुनवेक कुर्ल्यो (खेकडे) पोकळ आणि अवसेक भरलेल्यो, ह्या खरा काय? आमच्या घरात दर म्हयन्याक ह्याच्यावर भांडण. भाचयेच्या वहीत ह्या पण घाला.

खाडीकाठ

वहीत दुसरं पान उघडलंय. सारख्याच आकाराच्या कुर्ल्या घेऊन वजन करायचं ठरलंय, पण प्रयोग संपला की लगेच त्याचा रस्सा होतो, त्यामुळे फेरतपासणी होत नाही.

गणिताच्या सरांना उत्तर. भाचीने रोजचा फरक मांडला. तो सारखा नाहीच! अमावास्येच्या जवळ दोन दिवसांतलं अंतर ४० मिनिटांच्या आसपास, आणि अष्टमीच्या सुमाराला तासाच्याही वर. आधी वाटलं आम्हीच चुकलो. पुढच्या पक्षात पुन्हा तसंच आलं. तिला वाटतंय आपण काहीतरी नवीन शोधलं.

गणिताची_वही

तिने शोधलंच आहे. मी ४८ सांगितलं होतं, ती सरासरी. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, काटकोनात. मधल्या दिवसांत सूर्याचा ओढा भरतीचा माथा थोडा अलीकडे-पलीकडे सरकवतो, म्हणून उधाणाच्या आसपास अंतर कमी पडतं आणि भांगाच्या आसपास वाढतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पायरीवर बसून कधी पाहिलं नव्हतं. तिला माझ्याकडून दहापैकी दहा नकोत. त्या वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा, माझ्या भिंतीवर लावतो.

आई_वेंगुर्ला

महिन्याभराने लिहितेय. आयटीआयचा फॉर्म भरला. स्पॅनरदादांनी सांगितल्याप्रमाणे ओमचा नियम त्याच्यापुढे न मांडता मी फक्त विचारलं, "होडीवरची बॅटरी सारखी का उतरते?" त्याने स्वतः विज्ञानाचं पुस्तक माळ्यावरून काढलं. ते मी रद्दीत घालणार होते. अर्ध्या तासाने झोपला, हे खरं. पण पुस्तक छातीवर होतं.

आणि नातेवाइकांचे फोन मी उचलायला लागलेय.

स्पॅनर

अर्धा तास म्हणजे तिप्पट झालं की वहिनी! सुट्टीत पाठवा माझ्याकडे.

गुहागरचा_पुण्यात

धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझ्या मुलीने परवा विचारलं, "बाबा, तुझ्या गावाला समुद्र आहे, मग तुला भरतीचं कसं येत नाही?" मी पाऊणकी आठवून पाहिली, साता पाऊणे सव्वापाचपर्यंत आली. पुढच्या आठवड्यात वडलांकडे निघालोय, आधी दापोलीवरून येतो. नवमीला पोचतोय. ताई, पावणेसातची भरती ना?

खाडीकाठ

हो, नऊ पाऊणे पावणेसात. पण भांगाचे दिवस आहेत, पाणी तिसऱ्या पायरीच्या वर चढायचं नाही. भाचीचा निरोप आहे, मुलीला साडेसहालाच आणा. पान आधी शोधून ठेवावं लागतं.